माझ्या कवितेतला बैल का बोलत नाही

कवितावाचन संपलं की चहाच्या टेबलापाशी कुणीतरी गाठतंच. "सर, तुमच्या कवितांत इतकी जनावरं, पण एकही बोलत कसं नाही? बैलाच्या तोंडून एखादी येऊ द्या की. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल." मी हसतो, बिस्किट चहात बुडवतो, विषय बदलतो. पण तुम्ही बऱ्याच जणांनी विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

पाणी येतं हे मला ठाऊक आहे. सातवीत असताना मी ते आणलेलं आहे.

निबंधाचा विषय होता 'म्हाताऱ्या बैलाचे मनोगत'. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगायला नको. तिथं फाटकी छत्री बोलते, पडका वाडा बोलतो, शाळेची घंटा बोलते. माझा बैलही बोलला. 'धन्या, मी तुझ्यासाठी जन्मभर राबलो. आता माझे पाय थकले. तू मला विकलेस तरी माझी तक्रार नाही. तुझी लेकरे सुखी राहोत.' गुरुजींनी तो वर्गात मोठ्यानं वाचला. शेवटाकडे त्यांचाच आवाज कापरा झाला. दहापैकी नऊ मिळाले.

घरी कोठ्यात तेव्हा चांद्या होता, आमचा म्हातारा बैल. वखराला चालेना, बंडीला जुंपला तर चढावर बसायचा. निबंधानंतर महिन्याभरात बाबांनी त्याला बाजारात नेला. मीही सोबत होतो. एकानं येऊन त्याचा खालचा ओठ खाली ओढला, दात बघितले आणि मान हलवली. दोन दाती की चार दाती हे विचारण्याचं वय केव्हाच सरलं होतं. मग उपरण्याखाली दोन हात गेले, बोटं दाबली गेली, सौदा झाला. आकडा तोंडानं कुणीच उच्चारला नाही.

मेटाडोरला फळी लावली. चांद्या चढेना. शेपूट पिरगळून झाली, मागून तुतारी टोचून झाली. (आमच्याकडची तुतारी वाजवायची नसते. काठीच्या टोकाला लोखंडी आर ठोकलेली असते.) तेव्हा बाबा मला म्हणाले, "तुया हातचं खाते तो. तूच ने त्याले वर." मी सरकीच्या ढेपेचा तुकडा त्याच्या नाकापुढं धरला आणि फळीवरून मागं मागं चढत गेलो. तो माझ्यामागं आला. ढेप खाल्ली, मग तळहात चाटला, कारण ढेपेचा चुरा बोटांना चिकटला होता. मी बाजूच्या फटीतून खाली उडी मारली.

'माझी तक्रार नाही' हे वाक्य त्याचं नव्हतं. मी ते त्याच्या नावावर लिहून ठेवलं होतं, सौद्याच्या आधीच.

पुढं कविता लिहायला लागलो तेव्हा इतरांच्या बोलक्या जनावरांकडं बघायची सवय लागली. ती एक तर आपल्याला माफ करतात, नाही तर शाप देतात. दोन्हीकडं विषय आपणच. गोमाशी, ओली वैरण, जुवाखाली सोललेला खांदा, याबद्दल ती सहसा बोलत नाहीत. लहान मुलांच्या गोष्टींतले कोल्हे-कावळे मात्र मला मनापासून आवडतात. तिथं मुखवटा आहे हे पोरांनाही कळतं.

पैठणच्या रेड्याचंच बघा. ज्ञानेश्वरांनी त्याच्याकडून वेद म्हणवले, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्याच कथेत आणखी एक गोष्ट सांगतात. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले. चित्रांत, कॅलेंडरांवर, शाळेच्या स्नेहसंमेलनात, सगळीकडं रेडा वेद म्हणताना दिसतो. वळ फारसे कुणी काढत नाही. मला विचाराल तर चमत्कार वळांचा होता. वेद ज्यांना पुरावा हवा होता त्यांच्यासाठी.

एकनाथांच्या गोष्टीत तर गाढव काहीच बोलत नाही. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड नाथ तहानेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी करतात. गाढव पाणी पितं, बस्स. त्यानं आभार मानल्याचं मी कुठं ऐकलेलं नाही. नामदेवांची पोळी घेऊन पळालेलं कुत्रंही मागं वळून बघत नाही. कोरडी पोळी कशी खाशील म्हणत तुपाची वाटी घेऊन धावतात ते नामदेव. तुकोबांच्या एका अभंगात सज्जन गृहस्थाचं वर्णन आहे: 'भूतदया गाईपशूंचे पालन, तान्हेल्या जीवन वनामाजी.' रानात तहानलेल्याला पाणी. जनावर काय म्हणालं याची तिथं चौकशी नाही.

एक विचित्र कबुली देतो. ओझ्याच्या जनावरांबद्दल 1965 चे केंद्र सरकारचे नियम आहेत. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. आमच्याकडं मे महिन्यात 44 सहज होतं, त्यामुळं हे वाचून गावात लोक हसले. मूळ कायदा 1960 चा, आणि त्यात जनावराला क्रूरपणे वागवल्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात आज ढेपेचं पोतंही येत नाही. पण नियम लिहिणाऱ्या त्या कारकुनानं बैलाला बोलायला लावलं नाही, तास मोजले. माझ्या निबंधापेक्षा त्याला बैल जास्त कळला होता.

आणि आमच्या पोळ्यातल्या झडत्या, म्हणजे बैलांपुढं म्हणायची लोकगीतं. बैल तोरणाखाली ओळीनं उभे असतात, समोर माणसं एकेक झडती म्हणतात. कापसाचा भाव, सावकार, नवरा-बायकोची भांडणं, सगळं त्यात येतं आणि शेवटी 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव'. बैल रवंथ करत ऐकतो, किंवा ऐकत नाही. बोलणारा माणूसच असतो आणि तो स्वतःच्याच नावानं बोलतो. कविता अशी असावी असं मला वाटतं. माझी जमलेली म्हणाल तर दोनच ओळींची आहे:

जू उतरलं तरी
मान तेवढीच खाली.

आता आमच्या घरी बैल नाहीत. वावर भावाकडं आहे आणि त्याच्याकडं ट्रॅक्टर. गल्लीत दोन जोड्या उरल्यात. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला मी शेजारच्या कोठ्यात जातो. तूप-हळद कोमट करून घेतो आणि खांद्यावर मळतो. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," असं म्हणायची रीत आहे, ते म्हणतो. डावीकडच्या बैलाच्या खांद्यावर जुवाचा घट्टा आहे, अंगठ्याला खरबरीत लागतो. त्याच्या कडेला एक जागा अशी आहे की तिथं दाबलं की तो चार बोटं बाजूला सरकतो. ती जागा सोडून मी पुढं मळतो.