डिस्कॉर्डने गो सोडलं, असं झालंच नव्हतं

ऑफिसात कुणी रस्ट, एलिक्सिर नाहीतर हास्केल अशी वेगळी प्रोग्रॅमिंग भाषा आणायचा विषय काढला की ग्रुपवर हमखास एक लिंक येते, ‘डिस्कॉर्ड गो सोडून रस्टवर गेलं’, म्हणजे डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपने गो ही भाषा टाकून रस्ट घेतलं. 2020 ची गोष्ट आहे ही, आणि मला त्या हेडलाइनचा खरंच त्रास होतो, कारण तेव्हा बदलली ती एकच सर्व्हिस, रीड स्टेट्स नावाची, म्हणजे कोणी कुठल्या चॅनलमधे कुठपर्यंत वाचलंय ते लक्षात ठेवणारी. तिच्या मेमरीत कोट्यवधी एंट्रीजचा कॅशे, म्हणजे पटकन सापडावा म्हणून हाताशी ठेवलेला डेटा, होता आणि गो दर 2 मिनिटांनी तरी गार्बेज कलेक्शन, म्हणजे मेमरीतल्या नको असलेल्या डेटाची सफाई, करतंच, मग कचरा फारसा नसला तरी तो अख्खा कॅशे तपासत बसायचं आणि तेवढा वेळ रिस्पॉन्स टाइम वर उडायचा. रस्टला गार्बेज कलेक्टरच नाही, त्यामुळे प्रॉब्लेम मुळातूनच गेला. किती नेमकं कारण आहे! हेडलाइनमधे तेच गायब. शिवाय रस्ट त्यांच्याकडे दुसऱ्या कामांत आधीपासून होतंच, आणि रिअल-टाइम चॅटचा गाभा एलिक्सिरमधेच राहिला.

फेसबुकच्या हास्केलचंही तसंच. स्पॅम अडवणारी, सेकंदाला 10 लाखांहून जास्त रिक्वेस्ट हाताळणारी त्यांची सिग्मा सिस्टिम हास्केल वापरतेय हे 2015 मधे जाहीर झालं तेव्हा सगळ्यांना वाटलं की नेहमीची भाषा टाकून हास्केल घेतलं. पण आधी तिथे एफएक्सएल नावाची घरीच बनवलेली भाषा होती, म्हणजे नवीन माणसाला अनोळखी भाषा शिकावी लागत होतीच. आणि टीममधे होते सायमन मार्लो, ज्यांनी हास्केलच्या जीएचसी कंपायलरवर (कोड मशीनला चालेल असा करून देणारा प्रोग्रॅम) कित्येक वर्षं काम केलंय. जीएचसीच्या गार्बेज कलेक्टरमधे वर्षानुवर्षं लपलेला एक बग त्यांनी तिथेच दुरुस्त केला. आपल्याकडे असा बग निघाला तर कुणाकडे जाणार?

अशी लिंक मॅनेजरना पाठवली की ते एवढंच विचारतात, आपल्याकडे तेवढा लोड आहे का, आपण नाही म्हणतो आणि विषय संपतो, चांगली भाषा उगाच बाद होते. मला एलिक्सिर मनापासून आवडतं म्हणून कळकळीने सांगते, लिंक राहू दे, आपलीच एखादी छोटी सर्व्हिस घ्या, तिचे ग्राफ दाखवा, नक्की काय अडतंय ते लिहा, आणि रात्री 2 ला ती पडली तर कोण उठणार त्यांची नावं पण लिहा. एकच नाव येत असेल तर आधी दुसरा माणूस तयार करा.