तुम्ही विचारलंत म्हणून: मायचं ऑपरेशन लांबवलं का?

अमळनेरच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की हमखास विचारतं, "दादा, मोतीबिंदू तर शिबिरातही काढतात, मग मायला तीन महिने का थांबवलं?"

मायचा मोतीबिंदू साधा नव्हता. डोळ्याचा पडदा आणि त्याखालचा रक्तवाहिन्यांचा थर सुजला होता. याला पोस्टेरियर युव्हायटिस म्हणतात. डोळा लाल नाही, दुखतही नाही. ती म्हणायची, "डोयासमोर जायं दिखस," म्हणजे डोळ्यासमोर जाळं दिसतं, आणि आम्ही चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून दोन महिने घालवले. ते अजून मनाला लागतं. तपासण्यांअंती टीबीचं निदान झालं. खोकला नाही, छाती साफ, तरी डोळ्यात! टीबीच्या गोळ्या आणि जोडीला स्टेरॉइड सुरू झालं.

सूज उतरली, पण नासधूस करून गेली. सुजेने आणि स्टेरॉइडनेही मोतीबिंदू वाढला, डोळ्यातलं जेलीसारखं विट्रियस गढूळ झालं, पडद्याच्या मध्यावर पातळ झिल्ली आली. ती आकसली की पडद्याला चुण्या पडतात. मायला दाराची चौकट मधेच वाकडी दिसायची. चांगला डोळा तळहाताने झाकून ती मला बोटाने हवेत तो बाक काढून दाखवायची.

एवढं दिसत असताना थांबणं जड गेलं. पण धुमसत्या डोळ्यात हत्यार घातलं की सूज पुन्हा भडकते, पडद्याच्या मध्यावर पाणी साठतं आणि केलेलं ऑपरेशन वाया जाऊ शकतं. म्हणून डोळा निदान तीन महिने शांत हवा, शिवाय ऑपरेशनच्या आधी-नंतर स्टेरॉइडचं संरक्षण. पडदा सुटला असता, तर मात्र इतकी वाट पाहता आली नसती. हा फरक मी सगळ्यांना आवर्जून सांगतो.

मग एकाच बैठकीत मोतीबिंदू काढून लेन्स बसवली आणि व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे ते विट्रियस काढायचं ऑपरेशन, केली. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर तीन बारीक छिद्रं: एकातून पाणी, एकातून उजेड, एकातून कापणारं हत्यार. गढूळ विट्रियस काढलं आणि झिल्ली चिमट्याने सोलली.

जाळं गेलं. सुजेने पडद्यावर पडलेला डाग मात्र कुठलंच ऑपरेशन काढत नाही, तो राहिलाच. परवा ती ओसरीत दादर ज्वारी निवडत होती. सूप किंचित डावीकडे धरून खडे वेचत होती, आणि चौकटीकडे बघून म्हणाली, अजून थोडी वाकडीच आहे.