नोव्हेंबरात कोण मोकळं असतं?

कॉन्फरन्सशिवाय खेळणाऱ्या संघांचं वेळापत्रक कसं जुळतं, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत शिकायला गेली की घरचेही हळूहळू तिथलं कॉलेज फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, बघायला लागतात. मग गुणतक्ते उघडले जातात आणि इंडियानातल्या नोटर डेम विद्यापीठाचा संघ एकाही कॉन्फरन्सच्या (आपसात खेळणाऱ्या संघांच्या गटाच्या) तक्त्यात सापडत नाही. प्रश्न ठरलेला: "यांचे सामने ठरवतं तरी कोण?"

त्यांचे तेच. एकेक सामना, एकेक करार.

वरच्या विभागात नियमित मोसम 12 सामन्यांचा. कॉन्फरन्समधल्या संघाला त्यातले 8 किंवा 9 आयते मिळतात. उरलेले तीन-चार बाहेरच्यांशी, आणि तेही बहुतेक सप्टेंबरातच उरकून घेतले जातात. इंडिपेंडंट, म्हणजे कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नसलेल्या, संघाला मात्र बाराच्या बारा स्वतः जुळवायचे असतात. सप्टेंबर सोपा, तेव्हा सगळेच मोकळे असतात. खरी पंचाईत ऑक्टोबरनंतर. नोव्हेंबरात प्रतिस्पर्धी शोधणं म्हणजे ऐन लग्नसराईत कार्यालय शोधणं. चांगल्या तारखा कधीच्याच गेलेल्या असतात.

करार मुख्यतः दोन तऱ्हांचे. एक साटंलोटं: यंदा आम्ही तुमच्याकडे, पुढे तुम्ही आमच्याकडे. हे कित्येक वर्षं आधी सह्या होऊन पडलेले असतात, आणि मोडले तर भरपाई किती, तेही कागदावर असतं. दुसरा रोखीचा: लहान संघाला पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलवायचं, परतफेडीचा सामना नाही. हा सोपा विजय समजला जातो. 7 सप्टेंबर 2024 ला नोटर डेमने असंच नॉर्दर्न इलिनॉयला बोलावलं. पाहुण्यांनी शेवटचे 31 सेकंद उरले असताना फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून, तीन गुण) मारला आणि 16-14 ने जिंकून, मानधनासकट घरी गेले.

नोव्हेंबरचा प्रश्न नोटर डेमने मोठ्या हुशारीने सोडवला. 2012 मध्ये एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) या कॉन्फरन्सशी बोलणी झाली: इतर बहुतेक खेळ तिथे खेळायचे, फुटबॉल स्वतंत्र ठेवायचं, पण 2014 पासून दरवर्षी सरासरी पाच एसीसी संघांशी भिडायचं. म्हणजे सदस्यत्व न घेता पाच तारखा पदरात. त्यात जुनी नाती होतीच, यूएससीशी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) 1926 पासून, नेव्हीशी (नौदल अकादमी) 1927 पासून. शिवाय 1991 पासून घरचे सामने एनबीसी या टीव्ही वाहिनीवर, त्या पैशात वाटेकरी नाही. कधीकधी नोटर डेमवाले दुसऱ्याच शहरातलं मोठं स्टेडियम घेतात आणि तो सामनाही "घरचा" म्हणून दाखवतात. याला म्हणतात हिशेब.

प्लेऑफचं, म्हणजे मोसमाअखेरच्या विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांचंही तसंच. 2024 च्या मोसमात ते अंतिम फेरीपर्यंत गेले, ओहायो स्टेटकडून 34-23 ने हरले, पण फेऱ्यांचे मिळून 2 कोटी डॉलर एकट्याच्या खात्यात आले. कॉन्फरन्समधल्या बहुतेक संघांना तेव्हा यात भाऊबंदांना वाटा द्यावा लागत होता.

पण ही नोटर डेमची श्रीमंती. यूकॉनचं (कनेटिकट विद्यापीठ) बघा. 2020 मध्ये बास्केटबॉलसाठी ते बिग ईस्टमध्ये परतले. त्या कॉन्फरन्समध्ये फुटबॉलच नाही, त्यामुळे फुटबॉल संघ एकटा पडला. त्यांचं 2025 चं वेळापत्रक म्हणजे गोधडीच: सिरॅक्यूज, डेलावेअर, राइस, ड्यूक, एअर फोर्स, तुकड्याला तुकडा जोडलेला. तरी नियमित मोसमात 9 विजय मिळवले आणि तिन्ही पराभव जादा वेळेत. गोधडी उबदार निघाली, म्हणायचं.

ठिगळ किती घाईत लावावं लागतं, ते युटातल्या बीवाययूने (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) 2020 मध्ये दाखवलं. तेव्हा तेही इंडिपेंडंट होते. महामारीत मोठ्या कॉन्फरन्सनी बाहेरचे सामने रद्द केले आणि त्यांचं वेळापत्रक विस्कटलं. डिसेंबरात कोस्टल कॅरोलायनाचा प्रतिस्पर्धी गळाला, गुरुवारी नवा सामना पक्का झाला, शनिवारी 5 तारखेला बीवाययू युटाहून थेट दक्षिण कॅरोलायनात. शेवटच्या चालीत त्यांचा चेंडू गोलरेषेपासून एक यार्डावर अडवला गेला आणि ते 22-17 ने हरले. तो त्या मोसमातला त्यांचा एकमेव पराभव. 2023 मध्ये ते बिग ट्वेल्व्हमध्ये गेले. मला नवल वाटलं नाही.

उरला डिसेंबर. कॉन्फरन्सची अंतिम लढत नाही, म्हणजे तेरावा सामना नाही. त्या शनिवारी इंडिपेंडंट संघ घरी बसून टीव्ही बघतो. 2025 मध्ये नोटर डेम पहिले दोन सामने हरलं, त्यात मायामीशी 27-24, आणि मग सलग दहा जिंकलं. अंतिम लढतींच्या आठवड्याआधी प्लेऑफचे संघ निवडणाऱ्या समितीच्या क्रमवारीत ते मायामीच्या वर, दहाव्या क्रमांकावर होते. त्या आठवड्यात दोघांपैकी कोणीच खेळलं नाही. तरी समितीने मायामीला वर घेतलं, कारण बीवाययू हरून खाली गेल्यावर हे दोघे शेजारी आले आणि ऑगस्टातला तो निकाल समोर ठेवला गेला. माझ्या मते तर्क बरोबर होता, पण तो आधीच्या आठवड्यांतही बरोबरच होता की! प्लेऑफ हुकलेल्या नोटर डेमने रागाने बोल सामन्याचं (मोसमाअखेरच्या निमंत्रितांच्या सामन्याचं) आमंत्रणही नाकारलं.

नोटर डेमची यूएससीशी दरवर्षीची लढतही 2025 नंतर थांबली, आणि त्या वादात तारीख मोसमाच्या कोणत्या टोकाला ठेवायची हाही मुद्दा होताच. म्हणून पुढचं वेळापत्रक हाती आलं की वरून वाचू नका. नोव्हेंबरच्या ओळींपासून सुरुवात करा, तिथे कोण आहे ते बघा, आणि मग सप्टेंबरकडे या.