तुम्ही विचारलंत म्हणून: नुसता चालायचा पूल, त्याला एवढा वेळ कशाला?

मी पायी चालायचे पूल डिझाइन करतो, त्यामुळे कुठल्याही लग्नात कोणीतरी गाठतंच मला, "अरे, ट्रक तर जाणार नाहीयेत, माणसं आणि सायकली जाणार, मग डिझाइनला एवढं काय लागतं?"

तर ऐका. नदी ओलांडणं त्यातल्या त्यात सोपं, खरा वैताग काठावरच्या बागेत असतो. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो हे पुण्यात शेंबडं पोरही सांगेल, तसं नको म्हणून नवा पूल पुराच्या पातळीच्या वर घ्यायचा, म्हणजे समजा बागेतल्या वाटेपासून पाच मीटर. आता तिथवर चढायचं कसं? नुसता जिना दिला की व्हीलचेअर, बाबागाडी, सायकल सगळं बाद, आणि लिफ्ट बंद पडते (पडतेच!). मग रॅम्प. 1:20 चा चढ (म्हणजे 20 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर) धरला तर 100 मीटर लांब, तोही फक्त एका काठाला. 1:12 केला तर 60 मीटर, मधले सपाट टप्पे वेगळे, पण व्हीलचेअर ढकलणाऱ्याचा घाम निघतो. जागा वाचवायला रॅम्पला घड्या घातल्या की सायकलवाला वळणावर समोरून येणाऱ्या आजोबांच्या अंगावर, आणि सरळ नेला की नेमका जुन्या झाडांमधून जातो. माझा निम्मा वेळ ह्यातच जातो, खोटं नाही सांगत.

आणि माणसं हलकी असतात हे कोणी सांगितलं? गर्दीसाठी चौरस मीटरला 500 किलो धरतो आम्ही, त्यात विसर्जन बघायला सगळे एकाच कठड्याला चिकटणार. वर माणसं चालतात, म्हणजे सेकंदाला साधारण दोन पावलं, एक डावं एक उजवं, त्यामुळे आडवा धक्का सेकंदाला एकदा बसतो. पुलाची स्वतःची आडवी लय, म्हणजे तो आपणहून ज्या वेगाने डावी-उजवीकडे डुलतो ती, तेवढीच निघाली की झालं! लंडनचा मिलेनियम ब्रिज 10 जून 2000 ला उघडला आणि दोन दिवसांत बंद केला, कारण पूल जरा डुलला की लोक तोल सावरायला नकळत त्याच तालात पाय टाकायचे आणि तो अजून डुलायचा. ताकद कमी नव्हती हो त्याची. गाडीच्या शॉकअपसारखे डॅम्पर बसवून फेब्रुवारी 2002 मध्ये परत उघडला.

शिवाय लोक पुलावर थांबतात, पुण्यातल्या झेड ब्रिजवर संध्याकाळी चक्कर मारा, कळेल. म्हणून मी मध्यावर रुंदी वाढवा म्हणतो, क्लायंट म्हणतो स्टील वाढतं, आणि सध्या आमची गाडी तिथेच अडलीय.