चार मिनिटं वीस सेकंद

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी, म्हणून काम गुरुवारी काढलं. एका कारखान्याच्या दोन शेड. पहिलीत 16 कॅमेरे. चित्र दिसायला हवं ते दुसऱ्या शेडमध्ये तीन ठिकाणी: कंट्रोल रूम, मालकांची केबिन आणि गेट. मधे जुनी 100 एमबीपीएसची फायबर. एक कॅमेरा साधारण 4 एमबीपीएस खातो. तिघांना वेगवेगळी प्रत पाठवली तर 192, मल्टिकास्टने, म्हणजे एकच प्रत पाठवून ती पलीकडे स्विचने वाटली, तर 64. मालकांना हे गणित लगेच पटलं. नव्या फायबरचा खर्च वाचत होता, पटणारच.

आधी सगळं एकाच व्हीलॅनमध्ये, म्हणजे स्विचवरच्या एकाच आभासी नेटवर्कमध्ये, टाकलं. चित्र आलं. कंट्रोल रूममधल्या काकांनी चहा सांगितला आणि चहा यायच्या आत स्क्रीन गोठली. "मॅडम, थांबलं बघा." प्लेअर बंद करून उघडला की चालू, थोड्या वेळाने परत तेच. पॅच कॉर्ड बदलली, एसएफपी (स्विचमधलं फायबरचं मॉड्यूल) बदललं. वैतागून आयजीएमपी स्नूपिंग (कोणत्या पोर्टवर कुणी बघतंय हे ऐकून तिथेच चित्र पाठवणारी स्विचची सोय) बंद केलं, तर चित्र थांबेना, पण सगळ्या पोर्टांवर पूर आला आणि हजेरीचं बायोमेट्रिक मशीन गपगार. स्नूपिंग परत चालू केलं. दुपार तिथेच गेली. मग कुठे मोबाइलवर स्टॉपवॉच लावायचं सुचलं: 4 मिनिटं 20 सेकंद. पुन्हा लावलं, तेवढीच.

म्हणजे 260 सेकंद! आयजीएमपीत, म्हणजे बघणाऱ्यांनी मल्टिकास्ट मागायच्या पद्धतीत, डीफॉल्टने दर 125 सेकंदांनी 'कोण बघतंय?' अशी विचारणा होते. अशा दोन फेऱ्या, वर उत्तरासाठी 10 सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही की स्विच त्या पोर्टचं नाव खोडतो. आमच्याकडे स्नूपिंग होतं, पण विचारणारा क्वेरिअरच नव्हता. पीसीने सुरुवातीला एकदा हजेरी लावली, पुढे कुणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

नुसता क्वेरिअर चालू करून भागलं असतं. पण कॅमेरे ऑफिसच्या पीसींसोबत ठेवणं मला पहिल्यापासून खटकत होतं. व्हीलॅन वेगळे केले, दोन्ही लेअर थ्री स्विचवर (हे राउटरचंही काम करतात) मल्टिकास्ट राउटिंग चालू केलं, व्हीलॅन इंटरफेसवर आणि मधल्या लिंकवर पिम स्पार्स मोड, म्हणजे मागणी असेल तिकडेच मल्टिकास्ट नेणारा प्रोटोकॉल. पिम लावलं की क्वेरिअरचं काम स्विच आपणहून करतो, तो प्रश्न मिटला. आरपी, म्हणजे पाठवणारे आणि बघणारे जिथे जुळतात तो बिंदू, म्हणून पहिल्या स्विचचा लूपबॅक (स्विचचा स्वतःचा, कायम चालू राहणारा पत्ता). आणि इथे मी माती खाल्ली: दुसऱ्या स्विचवर आरपीच्या पत्त्यात 255 च्या जागी 225. एमरूटच्या (मल्टिकास्टच्या वाटांच्या) तक्त्यात ग्रुप, म्हणजे कॅमेऱ्याचा मल्टिकास्ट पत्ता, दिसतोय, पण इनकमिंग इंटरफेस नल, म्हणजे चित्र कुठून यायचं हेच स्विचला माहीत नाही. दोन्ही स्विचचं कॉन्फिग शेजारी-शेजारी उघडलं तेव्हा तो आकडा डोळ्यांत भरला.

तरी चित्र नाहीच. शेवटी कॅमेऱ्याच्या पोर्टवरच्या ट्रॅफिकची प्रत लॅपटॉपकडे वळवून (मिरर करून) वायरशार्क, म्हणजे पॅकेट उघडून बघायचं सॉफ्टवेअर, लावलं. टीटीएल (दर राउटरला एकने घटणारा आकडा, शून्य झाला की पॅकेट टाकून देतात) 1! एकाच व्हीलॅनमध्ये असताना हे कळणारच नव्हतं; राउटिंग सुरू झाल्यावर प्रत्येक पॅकेट स्विचच्या दारातच मरत होतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये, मल्टिकास्टच्या पानावर, तो 8 केला आणि चित्र आलं. काकांनी या वेळी स्वतःच घड्याळ लावलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

बाकीचे एकेक करत गेले. अकरा नंबरच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड मात्र कुणालाच माहीत नाही. तो क्रेनच्या वर आहे. पुढच्या गुरुवारी शिडी मागवलीय.