स्प्रिंग एअर रायफलवर स्कोप: स्वस्त रिंग, पण निवडून

स्प्रिंग एअर रायफलवर स्कोप (नेम धरायची दुर्बीण) चढवायचं काम एकदाचं मार्गी लागलंय. स्कोपला धरणाऱ्या महागड्या रिंग न घेताही झीरो (जुळवलेला नेम) टिकतोय, म्हणून निवड कशी केली ते लिहून ठेवतो.

पहिला प्रश्न रेलचा, म्हणजे रायफलवरच्या ज्या पट्टीवर रिंग बसतात तिचा. पिकॅटिनी (आडव्या खाचांची प्रमाणित रेल) असती तर डोकं लावावं लागलं नसतं: खाच ५.२३ मिमी रुंद आणि दोन खाचांच्या मध्यांतलं अंतर कायम १०.०१ मिमी. वीव्हर या दुसऱ्या प्रकारच्या रेलची खाच ४.५७ मिमी, त्यामुळे वीव्हरच्या रिंग सहसा पिकॅटिनीवर बसतात, उलटं जमेलच असं नाही. माझ्याकडे मात्र ११ मिमी डव्हटेल, म्हणजे तिरक्या कडांच्या दोन लांब खोबणी. हा आकडा फसवा आहे; कडांचा कोन आणि खोली रायफलगणिक बदलते. माउंटचा (रिंग आणि तिचा पाया) जबडा खोबणीत पूर्ण बसतोय की नुसता कडेला टेकलाय, हे उजेडासमोर धरून बघायचं.

उंचीसाठी 'मीडियम', 'हाय' या लेबलांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. स्कोपच्या पुढच्या घंटेचा (रुंद तोंडाचा) बाहेरचा व्यास ४८ मिमी आणि स्कोपची नळी २५.४ मिमी असेल, तर रेल ते नळीचा तळ ११.३ मिमीपेक्षा जास्त हवं. भिंगाच्या झाकणाची जाडी त्यात आणखी मिळवायची.

खरी डोकेदुखी स्प्रिंगची. पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे येते आणि तो थांबताना पुढे झेपावते. स्कोप जागीच राहू बघतो, म्हणून हळूहळू मागे सरकतो. स्क्रू कितीही आवळा, निव्वळ घर्षणाच्या जिवावर हे थांबत नाही. म्हणून स्टॉप पिन (सरकणं अडवणारी खुंटी) असलेलं, दोन्ही रिंग एकाच तुकड्यात असलेलं एकसंध माउंट घेतलं. पिन रिसीव्हरच्या, म्हणजे रेल असलेल्या मुख्य भागाच्या, भोकात बसते. पैसे घालायचेच तर इथे घाला. रिंगवरच्या चकचकीत रंगाला काडीची किंमत नाही.

बॅरल मोडून भरायच्या रायफलींत बॅरल किंचित खाली झुकलेली असते, ही तर जुनीच कथा. त्यामुळे एलिव्हेशन (स्कोपचं वर-खाली जुळवणं) संपत आलं तेव्हा मागच्या रिंगमध्ये स्कोपच्या नळीखाली फिल्मची पट्टी घातली. गणित सरळ आहे: रिंगांमध्ये १०० मिमी अंतर असताना ०.१ मिमी पट्टी २५ मीटरवर मारा २.५ सेंमी वर उचलते. याहून फार जाड पट्टी नको, स्कोपची नळी वाकते; त्यापेक्षा मागून उंच असलेलं माउंट बरं.

टोपीचे (रिंगच्या वरच्या अर्ध्या भागाचे) स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंड टॉर्कने (पिळायचा जोर), आलटूनपालटून, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून. टोपीच्या स्क्रूंना थ्रेडलॉकर (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा द्रव) लावू नये. ओल्या आट्यांमुळे त्याच टॉर्कला पकड वाढते आणि नळी चेपते. उरलेल्या पैशांत टॉर्कवाला स्क्रूड्रायव्हर आला. लॅपिंगच्या (रिंग आतून घासून सरळ करण्याच्या) संचाचा विचार मात्र सोडला, एकसंध माउंटला त्याची गरज क्वचितच पडते.

आता मागच्या रिंगला लागून नळीवर पेन्सिलची बारीक रेघ मारली आहे. ती हलली तर कळवेन.