आमची वाटचाल: इमारती, जागा आणि माणसं

स्पर्धेच्या प्रवेशिकांसाठी आणि मासिकांसाठी आर्किटेक्ट मंडळींना पूर्ण झालेल्या इमारतींचे फोटो काढून द्यायचे, एवढ्याच कामावर आमची फर्म पुण्यात उभी राहिली. पुढे जुने वाडे, लेणी, कारखाने आणि तिथं काम करणारी माणसं अशी कामं येत गेली. कॅमेरे बदलले, पण त्याहून मोठा बदल कामाच्या वेळेत झाला. आता कॅमेरा बॅगेतून बाहेर निघण्याआधीच निम्म्याहून जास्त काम उरकलेलं असतं.

सुरुवात चार बाय पाच इंची फिल्मच्या मोठ्या व्ह्यू कॅमेऱ्यावर, ट्रान्सपरन्सी (स्लाइडसारख्या पारदर्शक) फिल्मनं झाली. एका होल्डरमध्ये फिल्मची दोनच शीट. ट्रान्सपरन्सीत उजेड-अंधाराचा फरक जेमतेम पाच स्टॉपचा मावतो; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. एक्स्पोजर अर्धा स्टॉप जास्त झालं तरी पांढऱ्या भिंतीचा पोत गेलाच समजा. म्हणून आधी पोलरॉइडवर, म्हणजे लगेच फोटो दाखवणाऱ्या इन्स्टंट फिल्मवर, चाचणी घ्यायची आणि मगच शीट खर्ची घालायचं. ट्यूबलाइटखाली फिल्मवर हिरवट छटा यायची, ती मारायला मॅजेंटा फिल्टर लागायचा. २००८ मध्ये पोलरॉइडनं इन्स्टंट फिल्म बंद करायचं जाहीर केलं आणि डिजिटलकडे वळण्यावाचून पर्याय उरला नाही.

डिजिटलमध्ये आमच्या कामाला खरा आधार दिला तो शिफ्ट लेन्सनं. कॅमेरा वर कलला की इमारतीच्या उभ्या रेषा माथ्याकडे एकमेकींकडे झुकतात. सॉफ्टवेअरमध्ये त्या सरळ होतात, पण वरचा भाग ताणला जातो, कडा कापल्या जातात आणि मजल्यांचं प्रमाण बिघडतं. शिफ्ट लेन्स असली की कॅमेरा पाणसळीत ठेवायचा आणि फक्त लेन्स वर सरकवायची. कॅननच्या २४ आणि १७ मिलिमीटरच्या अशा लेन्स १२ मिलिमीटरपर्यंत सरकतात. अगदी टोकापर्यंत सरकवलं तर कोपरे मऊ पडतात. तेव्हा ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ११ ठेवायचं, त्याहून बारीक केलं तर डिफ्रॅक्शननं (उजेड पसरल्यानं) सगळंच मऊ होतं. आणखी एक गोष्ट: उंच टॉवरच्या रेषा काटेकोर समांतर केल्या तर तो माथ्याला रुंद भासतो. तिथं आम्ही थोडा झुकाव मुद्दाम ठेवतो.

जागा अपुरी असेल तर लेन्स डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे सरकवून तीन फ्रेम जोडतो. इथं एक चूक सर्रास होते. लेन्स सरकली की दृष्टिबिंदूही सरकतो, आणि दोन मीटरच्या आतला खांब जोडावर दुभंगलेला दिसतो. उपाय म्हणजे लेन्सला कॉलर (धरून ठेवणारं कडं) लावून ती ट्रायपॉडवर पक्की करायची आणि कॅमेऱ्याची बॉडी उलट दिशेला सरकू द्यायची.

पण लेन्सपेक्षा जास्त किंमत आधी जागेवर जाऊन केलेल्या पाहणीला आहे. पाहणीत पहिलं काम होकायंत्राचं. मुंबईच्या ओव्हल मैदानाचंच उदाहरण घ्या. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर. पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग. २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या या समूहाच्या दोन बाजू एकाच वेळी उजळत नाहीत. आर्ट डेको रांगेला सकाळचं ऊन, गॉथिक रांगेला दुपारनंतरचं. एकाच सकाळी दोन्ही उरकू म्हणणाऱ्या ग्राहकाला आम्ही नकार देतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा दर्शनी भागही पश्चिमेकडे, म्हणजे तिथंही संध्याकाळच. वेरूळचं कैलास लेणं पश्चिमाभिमुख आणि तीन बाजूंनी उभ्या कातळात. सकाळी मागच्या कड्याची सावली अंगणात असते, ऊन दुपारी उतरतं. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश चालत नाही, आणि केंद्राच्या संरक्षित स्मारकात ट्रायपॉडसाठी परवानगी आधी काढावी लागते.

उत्तरेकडे तोंड असलेली इमारत सगळ्यात अवघड. आपल्या अक्षांशावर सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उत्तर भिंतीला थेट ऊन लागतच नाही. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी लवकर आणि संध्याकाळी तिरपं ऊन येतं, आणि त्यातच कोरीव काम उठून दिसतं. जूनमध्ये कोन आणखी चांगला होतो, पण तोवर ढग आलेले असतात. म्हणून डिसेंबरात हातात आलेलं उत्तराभिमुख काम आम्ही एकतर एप्रिलवर ढकलतो, नाहीतर संधिप्रकाशात करतो. संधिप्रकाशातही सवड थोडीच. सूर्यास्तानंतर साधारण दहाव्या मिनिटापासून बाविसाव्या मिनिटापर्यंत आकाश आणि आतले दिवे यांचा तोल जमतो. कॅमेरा तासभर आधी लावून ठेवायचा आणि त्या वेळात तो हलवायचा नाही.

आतल्या कामात निम्मा वेळ आवराआवरीत जातो, आणि तो जायलाच हवा. नव्या घरात स्विचबोर्डावरचं प्लास्टिक, सनमायकावरची फिल्म, खिडकीच्या काचेवरचं लेबल हटकून राहिलेलं असतं. दिव्यांचं तर विचारू नका: एकाच छतात ३००० केल्विनचे (पिवळसर) चार आणि ६५०० चा (निळसर पांढरा) एक. हा एक दिवा नंतर कॉम्प्युटरवर निस्तरायला जितका वेळ लागतो, त्याच्या पावपट वेळात इलेक्ट्रिशियन तो बदलून देतो. कॅमेऱ्याची उंची बैठकीच्या खोलीत १.१ ते १.२ मीटर, स्वयंपाकघरात थोडी जास्त, नाहीतर ओट्याचा वरचा पृष्ठभाग दिसतच नाही.

वाड्यात हिशेब वेगळा. चौकात ऊन असताना ओसरीतून माजघरापर्यंतचा फरक दहा स्टॉपच्या पुढे सहज जातो. दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं पाच फ्रेम घेतल्या तरी उन्हाचा तुकडा फरशीवर डाग बनून राहतो. त्यामुळे वाडा आम्ही चौकात ऊन नसताना घेतो. श्रावणातलं पातळ ढगाळ आभाळ सगळ्यात उत्तम. फ्रेम हातानं मास्क करून, म्हणजे प्रत्येकीतला हवा तेवढाच भाग ठेवून, जोडतो. आपोआप जोडणाऱ्या सॉफ्टवेअरनं सुरूच्या आकाराच्या खांबांचं लाकूड राखाडी होतं आणि महिरपीभोवती उजळ कडा उमटते. कडीपाट दाखवायचा असेल तर कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणायचा आणि लेन्स वर सरकवायची. तुळईवरच्या रंध्याच्या खुणासुद्धा मग वाचता येतात. दगडाचीही काळजी घ्यावी लागते: काळ्या कातळावर कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं आणि दगड करडा येतो, म्हणून एक स्टॉप कमी करायचा. ओल्या कातळाची चमक मारायला पोलरायझर फिल्टर उपयोगी, पण २४ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद लेन्सवर तो आकाशात गडद पट्टा पाडतो.

माणसांचे फोटो आम्ही त्यांच्या कामाच्या जागीच काढतो. कारखान्यात स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि १/२०० सेकंदाच्या शटरवर आडवे पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० वर ते जातात. दारातून येणारा उजेड एका गालावर, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर धरलेला सहकारी, बस. फ्लॅश शेवटचा उपाय. इमारतीच्या फोटोत माणूस मापासाठी हवा असेल, तर पाव सेकंदाच्या शटरवर त्याला चालायला सांगतो. आकार कळतो, चेहरा ओळखू येत नाही.

फोटोतून नंतर काय पुसून टाकायचं आणि काय ठेवायचं, यावर आमचा नियम ठरलेला आहे. कचरा, उभी मोटारसायकल, बॅनर हे तात्पुरतं, ते पुसतो. पाण्याची टाकी, एसीचं बाहेरचं युनिट, शेजारची इमारत कायमची, ती राहते. फोटोत दुसरं आकाश आम्ही लावत नाही; सावलीची दिशा आणि ढगांवरचा उजेड जुळत नाही आणि जाणकाराला ते लगेच कळतं.

ड्रोनसाठी २०२१ चे नियम पाळावे लागतात. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, त्यावरच्या ड्रोनला व्यावसायिक कामासाठी लागतं. लोहगावच्या हवाई तळामुळे पुण्याचा बराच भाग निर्बंधाखाली आहे. तसंही आठ-दहा मीटर उंचीवरून इमारत सगळ्यात चांगली उलगडते, आणि तेवढी उंची समोरच्या गच्चीवरून मिळते.

शेवटी कागद. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो ग्राहक असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणून काम सुरू होण्याआधीच लेखी करार करतो: हक्क आमच्याकडे, आर्किटेक्टला वेबसाइट, स्पर्धा आणि मासिकासाठी वापराची मुभा, आणि टाइल किंवा रंगाच्या कंपनीला तेच फोटो जाहिरातीत हवे असतील तर त्याचे वेगळे पैसे. करारातलं हे कलम दरपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापलेलं असतं, कारण फाइली हातात पडल्यावर त्यावर बोलणी होत नाहीत.